निंदून टाकलेलं देवधान

तलावाकाठी बाग करायचं खूळ माझ्याच डोक्यातलं, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. मोहाडीच्या तहसील कचेरीतून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत घरातल्यांना माझा कंटाळा आला. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या, कपाटं दोनदा लावून झाली, सुनेच्या भाजीत नाक खुपसून झालं. मग एक दिवस सून फार गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही सकाळी फिरायले काहून नाही जात?" मी समजायचं ते समजले, चपला घातल्या आणि तलावावर गेले.

तलाव आमच्या घरामागे, दोन गल्ल्या सोडून. तरी नीट उभं राहून तो पाहिल्याला चाळीस वर्षं झाली असतील. रोज सकाळी भंडाऱ्याच्या स्टँडवरून एसटी पकडायची, संध्याकाळी परतायचं, त्यात मागे वळून बघायला वेळ कुणाला. त्या दिवशी पाहिलं तर पाणी शोधावं लागलं. काठाला सगळीकडे बेशरम माजलेली. आमच्याकडे या झुडपाला बेशरमच म्हणतात, कारण तोडलं की दुप्पट वाढतं आणि वर जांभळी फुलं मिरवतं. तिच्यात अडकलेल्या पिशव्या, मूर्तींचे सांगाडे, एक फाटकी गादी. एका पिशवीतून वाळलेली झेंडूची फुलं डोकावत होती. आमच्याही घरचं निर्माल्य मी वर्षानुवर्षं असंच पिशवीची गाठ मारून लांबूनच भिरकावलं होतं. तेव्हा लोकांना नावं ठेवायला जीभ वळली नाही.

माझ्या लहानपणी हा तलाव म्हणजे आमच्या घराची अर्धी जागा होती. वडील विणकर. मागावर चढवायच्या सुताला खळ पाजायची, तर तो लांबलचक ताणा घरात मावणार कुठे? तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, करंजांच्या सावलीत पसरायचा. वडील आणि काका दोन टोकांना आणि मधे आम्ही पोरं, धागा तुटला की ओरडायला. पाण्यात शिंगाड्याचे वेल, त्यांच्यापलीकडे पांढरी कमळं आणि पानांवरून चालणारे लांब बोटांचे पक्षी. खळीचा आंबट वास आणि तलावातल्या चिखलाचा वास मिळून एक वास व्हायचा. तो मला अजून कधीतरी उगाच येतो, भाताची पेज उतू गेली की येतो, आणि मग त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागत नाही.

पाळीच्या पूर्वेला ढिवर मोहल्ला. तिथली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिचे वडील तलावात जाळं टाकायचे, आई मासळी विकायची. आम्हा दोघींचं सूत जमलं ते देवधानामुळे. देवधान म्हणजे काठच्या उथळ पाण्यात कुणी न पेरता उगवणारं रानटी धान. त्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही. ऋषिपंचमीच्या उपवासाला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, म्हणून आमच्याकडे बायका त्या दिवशी हाच तांबूस भात खातात. माझी आईही खायची. पण हे धान मोठं नाठाळ. दाणा पिकला की पाण्यात गळून मोकळा. म्हणून आश्विनात, ओंब्या हिरव्या असतानाच, पाच-सात ताटं जवळ ओढून त्यांचे शेंडे एकत्र गाठीत बांधायचे. दाणे गाठीतच अडकून राहतात, मग कार्तिकात कापून आणायचे आणि पुढच्या पंचमीपर्यंत मडक्यात ठेवायचे.

गाठ ज्या बाईनं बांधली, धान तिचं. कुणाची गाठ कोणती हे बायकांना लांबून कळायचं. माझ्या मैत्रिणीच्या आईची जागा दगडी पायऱ्यांच्या उजव्या हाताला होती, तिच्या आईचीही तीच. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिला शेंडे ओढून द्यायचो. जळवा लागायच्या, आम्ही किंचाळायचो आणि ती म्हणायची, "चूप बसा वो, गाठ ढिली होते." माझ्या वाटचं वाटीभर धान माझ्या आईकडे यायचं. त्या वाटीच्या बदल्यात आई कधी लुगड्याचा उरलेला तुकडा द्यायची, कधी नुसतं बसवून चहा पाजायची.

पुढे माझं लग्न झालं ते याच गावात, आणि मैत्रिणीला दिलं तेही तिच्याच मोहल्ल्यात. तिनं आईची जागा धरली आणि आईचा उपवासही. मी लग्नानंतर दोन वर्षं पंचमी पाळली आणि सोडून दिली. बाईपणाच्या विटाळाचं प्रायश्चित्त म्हणून उपवास करायचा, हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकदा तिला म्हटलं तर ती शांतपणे म्हणाली, "मले नाही मालूम प्रायश्चित्त-गिश्चित्त. माय खात होती, म्हणून मी खातो." नोकरी, मुलं, बस यांत आमच्या भेटीही बाजारातल्या रामरामावर आल्या.

तर बाग. कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईला दोन गोष्टी येतात, अर्ज लिहिणं आणि चिवटपणे विचारत राहणं. मी दोन्ही केलं. वॉर्डातल्या दहा-बारा जणांना गोळा केलं, त्यात एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांचे वडील बुद्धविहाराच्या अंगणात झाडं लावणारे म्हणून मोहल्ल्यात ओळखले जायचे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "बाई, शोभेची परदेशी झाडं नको. कहू लावू, उंबर लावू, जांभूळ लावू. पाखरं आपसूक येतील." कहू म्हणजे अर्जुन. मी मान डोलावली, पण वहीत आखलेल्या नकाशात काठाकाठानं कर्दळीची एक सरळ रांग काढलीच. मला सरळ रेघेचा मोह आहे. रजिस्टरं आखून आखून लागलेला.

उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा बेशरम मुळासकट काढली आणि जेसीबीनं गाळ उपसला. गाळ शेतात पसरला की धान जोरात येतं, म्हणून मोहाडी रस्त्यावरच्या गावांतले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले आणि हसत हसत तो भरून घेऊन गेले. माझी मैत्रीण रोज येऊन पाळीवर बसायची. पायऱ्यांच्या उजव्या बाजूला जेसीबी वळला की उठून उभी राहायची. एकदा ड्रायव्हरला दटावलं, "ह्या कोपऱ्याले हात नको लावू भाऊ." त्यानं बराचसा कोपरा सोडला. मी तेव्हा रोपांच्या पावत्यांत गुंतले होते. ती काय राखते आहे हे विचारायचं सुचलं नाही. विचारायची तरी गरज काय होती, मला ठाऊकच असायला हवं होतं.

पावसाळा लागला, तलाव भरला, रोपांनी जीव धरला. मैत्रीण मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली. पोळ्याच्या आठवडाभर आधी कर्दळ लावायची म्हणून मी काठ साफ करायला काढला. धानाची रोवणी आटपून मोकळ्या झालेल्या आमच्याच वॉर्डातल्या बायका आल्या. या बायकांचा हात निंदणात बसलेला. जन्मभर धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, वाकून तण काढलेलं. एका रांगेत बसल्या आणि बोलता बोलता सरकत गेल्या.

पायऱ्यांशी पोचल्यावर त्यांतली एक म्हणाली, "बाई, हा करगा आहे. उपडू न?"

करगा म्हणजे शेतात आगंतुक उगवणारं रानटी धान, शेतकऱ्याचा वैरी. रोपात तो असा मिसळतो की बुडाशी जांभळट रंग असतो तेवढ्यावरून ओळखायचा. दिसला की उपटायचा, नाहीतर त्याचे दाणे गळून पुढची कितीतरी वर्षं बांधी खराब करतात. आमच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही बाईचा हात तो बघताच आपोआप पुढे जातो. आणि शेतात जो करगा, तोच तलावात देवधान. हे मला माहीत होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी त्याचे शेंडे ओढले होते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे कर्दळीची रेघ होती.

"उपडा," मी म्हणाले. "एक काडी ठेवू नका."

त्यांनी ठेवली नाही. मी सगळ्यांना तर्री-पोहा खाऊ घातला, स्वच्छ काठाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. उपटलेला ढीग कुणीतरी शेळ्यांना नेला.

मैत्रीण परतली ती गणपती बसले त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी ती आंघोळीला पायऱ्यांवर आली, हातात आघाड्याच्या काड्या. मी झारीनं कर्दळीला पाणी घालत होते. पाऊस चालू असताना पाणी घालणारी मी, आता आठवलं की माझंच मला हसू येतं. ती पायऱ्यांवर थांबली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

"माह्या मायची जागा कुठं गेली?"

मला एकदम सगळं कळलं.

"कोणं उपडलं?" ती.

"म्या सांगतलं," मी म्हणाले. "करगा समजून..."

"करगा!" तिनं काड्या खाली ठेवल्या. "शेतातल्या बाया त करगाच म्हणतील. त्याह्यचा हात तसा आहे. पर तू? तू त माह्यासंगं गाठी बांधत होती न वो!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या कर्दळीच्या रोपांपाशी खाली बसली आणि चिखलात हात घालून चाचपू लागली, एखादं मूळ राहिलंय का. काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, घरी मडक्यात असेल ना थोडं, ते पेरू. तर म्हणाली, "आजच्यासाठी काल सारं कांडून ठेवलं. मले काय मालूम, हे शेवटचं आहे म्हणून?" कांडलेला दाणा उगवत नाही. मग मी आणखी मूर्खासारखं बोलले, की बाजारात मिळतं देवधान, पुढच्या वर्षी मी आणून देईन.

"बजारातलं समज मी खाल्लं," ती म्हणाली, "अन् तलावात काय लावशील? बजार?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. मी तिच्या दारावरून जायचे, ती जाळ्याच्या गुंत्यात डोकं घालून बसायची. घरी मी सुनेवर चिडायचे, भांड्यांवर चिडायचे. आईच्या पंचमीच्या ताटातला तो तांबूस भात, त्यावर अळूची भाजी, आणि आम्हा पोरांना भरवलेला एकेक घास, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बाग मी कुणासाठी करत होते? माझं लहानपण परत आणायला निघाले होते, आणि त्यातलं जे खरोखर जिवंत उरलेलं, तेच उपटून शेळ्यांना घातलं. लाज वाटली, अजून वाटते.

आठेक दिवसांनी मोहाडी रस्त्यावरचा एक शेतकरी तणतणत बागेत आला. कचेरीत फेऱ्या मारायचा तेव्हापासूनचा ओळखीचा. उन्हाळ्यात चार ट्रॉल्या गाळ नेला होता त्यानं.

"बाई, तुमचा गाळ नेला अन् मी मेलो! साऱ्या बांधीत करगाच करगा उगवून राहिला. माह्या बापाच्या जमान्यात एवढा करगा नव्हता!"

मी झारी टाकली. "उपडला का?"

"उद्या बाया येऊन राहिल्या निंदाले."

"एका काडीलेही हात लावू नका," मी म्हणाले. मी तशीच चिखलाच्या पायांनी ढिवर मोहल्ल्यात गेले. मैत्रिणीनं मान वर केली नाही. मी दारातूनच सांगितलं, आपल्या तलावाच्या गाळात दाणे होते, ते शेतात उगवलेत, उद्या उपटणार आहेत. ती जाळं तसंच सोडून उठली. ऑटोत बसल्यावर ऑटोवाल्याला दोनदा म्हणाली, "जलदी चाल न बा."

बांधीत उतरल्यावर तिनं एक ताट बुडाशी धरून पाहिलं, जांभळट रंग पाहिला, पान बोटांत चोळून हुंगलं. "हेच आहे," म्हणाली. मग आम्ही दोघी, साठीला टेकलेल्या बायका, धानातून करगा वेचू लागलो, चिखलाच्या ढेपळासकट, मुळाला धक्का न लावता. बांधावर उभा शेतकरी पोट धरून हसत होता. "करगा फेकणारे लय पाह्यले बाप्पा, करगा लावणारे आजच पाह्यले!" हसता हसता त्यानंच दोन ओली पोती आणून दिली आणि ट्रॅक्टरनं आम्हाला तलावापर्यंत सोडलं.

तलावाचा काठ निंदायला आलेल्या त्याच बायकांना मी बोलावलं आणि झालेली गोष्ट सांगितली. एकीनं कपाळावर हात मारला. "हाताले सवय न बाई, हात आयकतच नाही." मग त्या रोवणीला वाकतात तशा वाकल्या आणि जन्मभर ज्याच्याशी वैर धरलं ते तण ओळीनं रोवलं. ओळ वाकडी आली. कर्दळ मी स्वतः उपटली.

आश्विनात ओंब्या आल्या, थोड्याच, पण आल्या. मी उत्साहानं तिला बोलवायला गेले, की चल, गाठी बांधू. तिनं काठावरून वाकून एक ओंबी बोटांत धरून पाहिली.

"औंदा गाठ नाही बांधत," म्हणाली. "सारं पडू दे पाण्यात. बांधलं त माह्यं एक ताट होईल, अन् तलावाले काही उरणार नाही."

"मग पुढच्या पंचमीले तू काय खाशील?"

"कंद खाईन."

आईपासून चालत आलेला तिचा नेम, आणि तो मोडायचं ती इतक्या सहज बोलली. मी तिथेच रडले. तिनं रडू दिलं, समजूत वगैरे काढली नाही.

यंदा बाग बागेसारखी दिसते. कहूला माणसाएवढी उंची आली, चिऊल या पाणवनस्पतीची पांढरी झालरीची फुलं पाण्यावर पसरली, आणि ते लांब बोटांचे पक्षी परत आलेत. पोस्टमन काका रोज त्यांची हजेरी घेतात. पायऱ्यांच्या उजव्या हाताला उन्हाळ्यानंतर देवधान आपलं आपण उगवलं, लावलं होतं त्याच्या दुप्पट. फिरायला येणारे विचारतात, एवढी छान बाग आणि हे गवत कायले ठेवलं. मी कधी समजावते, कधी खेकसते, तब्येतीवर अवलंबून.

पंचमीला मी तिला घरी जेवायला बोलावलं. तीस-पस्तीस वर्षांनी उपवास मीही धरला. प्रायश्चित्तासाठी नव्हे असं सुनेला सांगितलं, पण एक प्रायश्चित्त त्यात होतंच. परसातलं अळू, सुरण, काकडी, सगळं बैलाविना, कुदळीनं खणून केलेलं. आणि तिला न सांगता मी आठवडी बाजारातून देवधानाचे तांदूळ आणले होते. तिचं ताट भाताशिवाय असावं हे मला सहन होत नव्हतं. मी तो भात दोन्ही ताटांत वाढला. तांबूस, जाडसर, वाफाळता.

तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समजली. रागावली नाही. स्वतःच्या ताटातला भात तिनं डावानं उचलला आणि माझ्या ताटात घातला.

"तू खा," म्हणाली. "तुह्यं पहिलं वर्ष आहे, तुले बजारचं चालते. मी घरचं होईल तवा खाईन."

तिच्या डोळ्यांदेखत मी तो सगळा भात संपवला. समोर बसून ती सुरणाची भाजी खात होती, आणि भाताचं एक शीतही तिनं तोंडात घातलं नाही.